रक्ताचा थेंब आणि स्वमग्न मूल

स्वमग्नतेचे, म्हणजेच ऑटिझमचे, निदान आता रक्ताच्या एका थेंबावरून होणार, अशी बातमी वृत्तपत्रांत अधूनमधून झळकत असते. संशोधन परदेशातील एखाद्या विद्यापीठातले असते, अचूकतेचा आकडा नव्वद टक्क्यांच्या पुढचा असतो आणि येत्या काही वर्षांत ही तपासणी सर्वत्र उपलब्ध होईल, असे आश्वासन शेवटच्या परिच्छेदात दिलेले असते. ज्या घरातले अडीच-तीन वर्षांचे मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही, जे चार शब्द बोलू लागले होते तेही बोलेनासे झाले आहे, त्या घरात ही बातमी कापून ठेवली जाते. पुढे केव्हातरी आईबाप ते कात्रण घेऊन डॉक्टरांपुढे बसतात आणि अशी तपासणी अद्याप नाही, एवढेच ऐकून परततात. विज्ञानाने आपल्याला झुलवले, असे त्यांना वाटले तर नवल नाही. वास्तविक संशोधकांना रक्तात जे आढळले ते पुष्कळदा खरेच असते. परंतु ते एका समूहाविषयी आढळलेले असते, आणि आईबापांचा प्रश्न असतो एका मुलाविषयी. या दोहोंमधील अंतर प्रयोगशाळेपासून वृत्तपत्रापर्यंतच्या प्रवासात गळून पडते.

स्वमग्नता ओळखण्याची रीत आजही मूलतः तीच आहे, जी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करताना अवलंबिली होती. मुलाकडे नीट पाहायचे. ते नजरेला नजर देते का, हवी ती वस्तू बोटाने दाखवते का, दुसऱ्याच्या खेळात शिरते का, ठरावीक क्रम मोडला तर कोसळते का, मिक्सरच्या किंवा शिट्टीच्या आवाजाने कासावीस होते का, हे टिपायचे. आणि जन्मापासूनची हकिकत आईबापांकडून ऐकायची. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये निदानाचे निकष नव्याने बांधले, त्यांतही रक्ताला, लघवीला किंवा मेंदूच्या छायाचित्राला स्थान नाही. मधुमेहाला रक्तातील साखर आहे, क्षयाला थुंकीतील जंतू आहे. स्वमग्नतेला असे बोट ठेवण्याजोगे काही नाही. आणि आपल्याकडे तर छापील 'रिपोर्ट' हाती पडल्याखेरीज आजारावर विश्वास बसत नाही. मूल एकवीस महिन्यांचे असताना आईला आलेली शंका घरातील वडीलधारी मंडळी 'मुलगे उशिराच बोलतात' या एका वाक्याने झटकून टाकतात. प्रयोगशाळेचा कागद असता तर ती तशी झटकता आली नसती. रक्ततपासणीची ओढ ही केवळ भाबडी आशा नव्हे. आपले म्हणणे कोणीतरी खरे मानावे, ही त्यामागची खरी भूक आहे.

या ओढीला वैद्यकाच्या इतिहासातही आधार आहे. नॉर्वेमधील एका आईची दोन्ही मुले बुद्धीने मागे पडत चालली होती आणि त्यांच्या लघवीला विचित्र कुबट वास येई. तो वास कसला, हा प्रश्न तिने सोडला नाही. अखेर १९३४ साली आस्ब्योर्न फोलिंग या डॉक्टरांनी त्या लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले आणि ती हिरवी झाली. फेनिलकीटोन्युरिया हा विकार असा सापडला. प्रथिनांतील फेनिलअॅलनिन हा एक घटक ही मुले पचवू शकत नाहीत, तो साचतो आणि मेंदूची हानी करतो. १९५० नंतरच्या दशकात त्यावर विशेष आहार निघाला, आणि पुढच्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बालकाच्या टाचेतील रक्त टिपकागदावर घेऊन करायची स्वस्त तपासणी दिली. तेव्हापासून जी मुले एरवी जन्मभर परावलंबी झाली असती ती शाळेत जाऊ लागली. एक थेंब, एक रसायन, एक उपाय! विशेष म्हणजे उपचार न झालेल्या या मुलांपैकी काहींत स्वमग्नतेची लक्षणेही दिसत. मग उरलेल्या स्वमग्न मुलांच्या रक्तातही असेच एखादे रसायन दडलेले नसेल कशावरून, असा तर्क शास्त्रज्ञांनी केला तर तो अगदी स्वाभाविक होता.

त्या तर्काचे पहिले फळ १९६१ साली हाती आले. अमेरिकेतील शेन आणि फ्रीडमन या संशोधकांना काही स्वमग्न मुलांच्या रक्तात सिरोटोनिन या द्रव्याचे प्रमाण अधिक आढळले. हा शोध नंतर अनेक देशांत पुन्हा पुन्हा पडताळला गेला आणि तो टिकला. रक्तातील हे द्रव्य बहुतेक सारे प्लेटलेटमध्ये साठवलेले असते, हेही कळले. तरीसुद्धा साठ वर्षांहून अधिक काळ लोटला आणि सिरोटोनिन मोजून कोणी स्वमग्नतेचे निदान करीत नाही. कारण साधे आहे. ते प्रमाण वाढलेले दिसते ते सुमारे एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश स्वमग्न मुलांत. उरलेल्यांत ते इतरांसारखेच असते; आणि ज्यांना स्वमग्नता नाही अशांपैकीही काहींत ते वाढलेले असते. पुढे या क्षेत्रात जे जे घडले त्याचा साचा या पहिल्याच शोधात दिसतो.

रोगप्रतिकारक यंत्रणेचा धागा थोडा नंतर हाती लागला, आणि तो लागला एका साथीमुळे. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. गरोदरपणी ज्या मातांना ती झाली त्यांची कित्येक मुले बहिरी, अंध किंवा हृदयविकार घेऊन जन्मली. न्यूयॉर्कमधील बालमानसोपचारतज्ज्ञ स्टेला चेस यांनी अशा २४३ मुलांचा अभ्यास केला आणि १९७१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी १८ मुलांत पूर्ण वा अंशतः स्वमग्नतेची लक्षणे होती. त्या काळच्या अंदाजांपेक्षा हे प्रमाण कित्येक पटींनी अधिक होते. स्वमग्नतेचे निर्विवादपणे मान्य झालेले बाह्य कारण कोणते असे विचारले तर आजही रुबेलाचेच नाव प्रथम घ्यावे लागते. ज्या गोवर-गालगुंड-रुबेला लसीवर पुढे स्वमग्नतेचा खोटा आळ आला, तीच लस तिचे हे एक सिद्ध कारण टाळणारी आहे, ही विसंगती फारशी कोणी लक्षात घेत नाही. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांनी अवघ्या बारा मुलांच्या आधारे 'लॅन्सेट'मध्ये तो आळ घेतला. २०१० मध्ये नियतकालिकाने तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यक नोंदवहीतून काढण्यात आले. डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही लस आणि स्वमग्नता यांचा संबंध आढळला नाही.

गर्भातील बाळाचा मेंदू घडत असताना आईच्या शरीराने जंतूंशी झुंज दिली, तर त्या झुंजीची झळ मेंदूला लागते का? या प्रश्नावर गेल्या दोन-तीन दशकांत पुष्कळ काम झाले. कॅलिफोर्नियातील पॉल पॅटरसन यांच्या गटाने गाभण उंदरांना कोणताही जंतू न देता केवळ प्रतिकारयंत्रणा चेतवली, आणि पिलांच्या वागण्यात फरक पडल्याचे पाहिले. २००७ मध्ये त्यांनी दाखवले की हा परिणाम मुख्यतः इंटरल्युकिन-६ या संदेशवाहक द्रव्यामार्फत होतो. ते निष्प्रभ केले तर पिले पुष्कळ अंशी नेहमीसारखी वागतात. अशा संदेशवाहकांना सायटोकाइन म्हणतात. शरीराला सूज कोठे आणावी, पेशींनी कोठे धावून जावे, हे सांगणारे ते जणू टपालवाले होत. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी अकरा स्वमग्न व्यक्तींच्या मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूच्या ऊतींत प्रतिकारक पेशी चेतवलेल्या स्थितीत असल्याचे दाखवले. पाठोपाठ अनेक प्रयोगशाळांनी स्वमग्न मुलांच्या रक्तातील सायटोकाइन मोजले. इंटरल्युकिन-६ आणि इंटरल्युकिन-१ बीटा यांसारख्यांची सरासरी पातळी इतर मुलांहून अधिक असल्याचे त्या सर्व अभ्यासांच्या एकत्रित पडताळणीतही दिसले. अर्थात उंदीर बोलत नाहीत आणि त्यांच्या एकलकोंडेपणाला स्वमग्नता म्हणणे हे धाडसाचेच आहे. पण स्वमग्न मुलांच्या एका मोठ्या समूहात प्रतिकारयंत्रणेचे वर्तन काहीसे वेगळे असते, हे आता नाकारता येण्यासारखे नाही.

येथवर विज्ञानाची बाजू भक्कम आहे. अडचण सुरू होते ती 'सरासरी' या शब्दापाशी. शाळेतील 'अ' तुकडीच्या मुलांची सरासरी उंची 'ब' तुकडीहून दोन सेंटिमीटरने अधिक असेल आणि ती मोजणी निर्दोष असेल. तरीही अंगणात भेटलेल्या एका मुलाची उंची पाहून तो कोणत्या तुकडीतला, हे सांगता येत नाही. दोन्ही तुकड्यांतील बहुतेक मुले एकमेकांच्या मापातच बसतात. सायटोकाइनची गोष्ट हीच आहे. शिवाय ते दमा, त्वचेचा विकार, जंतुसंसर्ग, अपुरी झोप, इतकेच काय, रक्त घेण्याची वेळ आणि नळी शीतपेटीत ठेवायला झालेला उशीर, एवढ्यानेही बदलतात.

मग एकाऐवजी अनेक द्रव्ये एकदम मोजून संगणकाकडून त्यांचा मेळ घातला तर? असाही प्रयत्न झाला आणि तो दखल घेण्याजोगा आहे. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रेन्सेलर संस्थेच्या संशोधकांनी ८३ स्वमग्न आणि ७६ इतर मुलांच्या रक्तातील चयापचयाची द्रव्ये घेऊन एक गणिती सूत्र बसवले. त्याने ९७.६ टक्के स्वमग्न आणि ९६.१ टक्के इतर मुले बरोबर ओळखली. बातमी जगभर गेली. दुसऱ्याच वर्षी याच गटाने १५४ स्वमग्न मुलांच्या नव्या माहितीवर ते सूत्र लावून पाहिले, तेव्हा अचूकता ८८ टक्क्यांवर आली. ही घसरण त्या संशोधकांनी स्वतःच प्रसिद्ध केली, हे त्यांच्या सचोटीचे लक्षण आहे. बातमी मात्र पहिल्या आकड्याचीच झाली होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५१६ स्वमग्न मुलांचा समावेश असलेल्या एका मोठ्या अमेरिकी प्रकल्पात, वेगळ्या पद्धतीने रक्त तपासले असता अमिनो आम्लांचा ठळक असमतोल आढळला तो सुमारे १७ टक्के मुलांत.

अठ्ठ्याऐंशी टक्के हा आकडा परीक्षेत उत्तम मानला जातो. निदानात त्याचे काय होते, हे कोणत्याही शिक्षकाला फळ्यावर मांडून दाखवता येईल. शंभरात एक मूल स्वमग्न, असे धरू. एक हजार मुलांची तपासणी केली तर त्यांत १० मुले स्वमग्न असतील आणि ९९० नसतील. दोन्ही बाजूंनी ८८ टक्के अचूकता मानली, तर दहांपैकी जवळजवळ नऊ मुले सापडतील. परंतु ९९० पैकी १२ टक्के, म्हणजे सुमारे ११९ मुलांवर चुकीचा शिक्का बसेल. 'स्वमग्न' असा निकाल मिळालेल्या १२८ मुलांत खरोखर स्वमग्न असतील ती ९. उरलेल्या ११९ घरांत त्या रात्री काय घडेल, याची कल्पना त्या टक्केवारीत कोठेच नसते. अचूकता ९६-९७ टक्क्यांवर नेली तरी पन्नास निकालांत चाळीस चुकीचेच निघतात. आणि ही तुलनासुद्धा निरोगी मुलांशी आहे. डॉक्टरांपुढील खरा प्रश्न त्याहून कठीण असतो. समोरचे मूल स्वमग्न आहे, की त्याला ऐकू येत नाही, की केवळ बोलणे उशिरा येत आहे, की बुद्धीची वाढ मंद आहे, हे त्यांना ठरवायचे असते. तेथे निरोगी मुलांवर घासून तयार केलेले सूत्र फारसे कामाचे नसते.

कारण कोणते आणि परिणाम कोणता, हा घोळ वेगळाच. स्वमग्न मुलांपैकी कित्येकांचे खाणे अतिशय ठरलेले असते. दहीभात, विशिष्ट कंपनीचे बिस्कीट, आणि तेही तुटलेले नको. वर्षानुवर्षे असे खाणाऱ्या मुलाच्या रक्तातील आणि आतड्यातील रसायन इतर मुलांसारखे कसे असेल? ऑस्ट्रेलियातील २४७ मुलांच्या २०२१ मधील अभ्यासात आतड्यांतील जंतूंचा फरक प्रामुख्याने अशा मर्यादित आहारामुळे पडतो, असा निष्कर्ष निघाला. स्वमग्नतेमुळे आहार बदलतो आणि आहारामुळे आतडे. उलटा क्रम लावून आतडे 'दुरुस्त' करण्याची औषधे मात्र खुशाल विकली जातात.

फोलेटच्या प्रतिपिंडांचे उदाहरण याहून बोलके आहे. फोलेट हे जीवनसत्त्व मेंदूत पोहोचवणाऱ्या वाहकाविरुद्ध काही जणांच्या रक्तात प्रतिपिंडे असतात. म्हणजे शरीर आपल्याच दाराला कुलूप लावते. स्वमग्न मुलांत ही प्रतिपिंडे पुष्कळ आढळतात. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ती सुमारे तीन-चतुर्थांश स्वमग्न मुलांत आढळली. पण त्यांच्या स्वमग्न नसलेल्या भावंडांतही ती जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात निघाली. आईवडिलांत निम्म्याहून अधिकांत निघाली, आणि ज्यांचा या घरांशी काही संबंध नाही अशांपैकीही २९ टक्क्यांत निघाली. एकाच ताटात जेवणाऱ्या दोन भावांच्या रक्तात एकच खूण, आणि त्यांतला एक वर्गात पहिला येतो तर दुसरा अजून 'आई' म्हणत नाही. या खुणेला काही अर्थच नाही, असे यावरून ठरत नाही. ४८ मुलांच्या २०१६ मधील एका लहान चाचणीत ल्युकोव्होरिन या जुन्या औषधाने काहींचे बोलणे सुधारले, आणि ज्यांच्यात ही प्रतिपिंडे होती त्यांचे अधिक सुधारले. तेवढ्या आधारावर सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने या औषधाचा मोठा गाजावाजा केला. एखादी खूण कोणाला कोणते औषध द्यावे हे कदाचित सांगू शकेल. कोण स्वमग्न आहे हे ती सांगत नाही. या दोन प्रश्नांतील फरक सरकारी व्यासपीठावरूनही पुसला जावा, हे चिंताजनक आहे.

आईच्या रक्तातील प्रतिपिंडांचा विषय तर अधिकच नाजूक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील ज्यूडी व्हॅन डी वॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाच्या मेंदूतील प्रथिनांविरुद्ध काही मातांच्या रक्तात प्रतिपिंडे असतात, असे दाखवले. २०१३ मधील त्यांच्या अभ्यासात स्वमग्न मुलांच्या मातांपैकी २३ टक्क्यांत प्रतिपिंडांचे विशिष्ट मेळ आढळले, तर इतर मातांपैकी केवळ एक टक्क्यात. प्रतिपिंडे वारेतून गर्भापर्यंत जातात, हे सर्वश्रुत आहे. त्यामुळे हा धागा संशोधनाच्या दृष्टीने मोलाचा आहे. परंतु तो मातेच्या माथी दोष देणारा ठरू नये, याची काळजी प्रयोगशाळा घेऊ शकत नाही. ती समाजाला घ्यावी लागते, आणि समाजाचा या बाबतीतला पूर्वेतिहास चांगला नाही. मुलाकडे पाठ फिरवणाऱ्या थंड आईमुळे मूल स्वमग्न होते, ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यास मान्यवर डॉक्टरांनीच रुजवली. शिकागोचे ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मधील 'द एम्प्टी फोर्ट्रेस' या ग्रंथात तिला साहित्यिक डौल दिला. सॅन डिएगो येथील मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड, जे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते, त्यांनी १९६४ मध्येच हा दोषारोप पुराव्याने खोडून काढला होता. लंडनमधील फोलस्टीन आणि रटर यांनी १९७७ मध्ये २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा वाटा दाखवला. तरीही अनेक मातांची आयुष्ये त्या आरोपाखाली गेली. 'आईने जीव लावला नाही' हे वाक्य जाऊन त्या जागी 'आईच्या रक्तातच दोष आहे' हे वाक्य आले, तर प्रगती ती कसली?

महाराष्ट्राला तरी हा धोका समजावून सांगण्याची गरज पडू नये. गर्भजलाची तपासणी ही गर्भातील व्यंग ओळखण्यासाठी निघाली होती. ती १९७० च्या दशकात आपल्याकडे आली आणि पाहता पाहता मुलगी नको म्हणणाऱ्यांच्या हाती पडली. तिला आळा घालणारा देशातील पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रालाच करावा लागला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला, आणि दोन्ही कायदे होईपर्यंत व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. उद्या गर्भधारणेपूर्वी किंवा गरोदरपणी आईचे रक्त पाहून स्वमग्नतेची शक्यता वर्तवणारी तपासणी आली, तर ती लग्न जुळवताना मागितली जाणार नाही, याची हमी कोण देईल? पाश्चात्त्य देशांत स्वतः स्वमग्न असलेली प्रौढ माणसे आता हा प्रश्न उघडपणे विचारू लागली आहेत. दहा हजार स्वमग्न व्यक्तींची आनुवंशिक माहिती जमवण्याचा केंब्रिजच्या संशोधकांचा प्रकल्प २०२१ मध्ये जाहीर होताच त्यांनी आक्षेप घेतला आणि तो आठवड्यांच्या आत स्थगित करावा लागला. ही माहिती आम्हाला मदत करण्यासाठी हवी आहे की आमच्यासारखे लोक जन्मूच नयेत यासाठी, हे त्यांचे विचारणे अवास्तव म्हणता येत नाही.

दरम्यान बाजार थांबलेला नाही. अर्धवट सिद्ध झालेल्या कल्पनेवर पुरी इमारत उभी करण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. १९९८ मध्ये सिक्रेटिन या पाचक संप्रेरकाने तीन मुले सुधारल्याचे वृत्त आले आणि अमेरिकेत त्याच्यासाठी झुंबड उडाली. पुढच्याच वर्षी साठ मुलांवर शास्त्रशुद्ध चाचणी झाली. सिक्रेटिन आणि मिठाचे पाणी यांत काही फरक दिसला नाही. त्या चाचणीतील सर्वांत विचार करायला लावणारा आकडा निराळाच आहे. हा निकाल सांगितल्यानंतरही ६९ टक्के पालकांना सिक्रेटिन हवेच होते. शरीरातील जड धातू काढण्याच्या नावाखाली दिलेल्या औषधाने २००५ मध्ये पेनसिल्व्हानियात एका पाच वर्षांच्या मुलाचा बळी घेतला. प्रतिकारयंत्रणा शांत होईल या तर्काने नाळेतील रक्त १८० मुलांना देऊन ड्यूक विद्यापीठाने रीतसर चाचणी घेतली; सामाजिक संवादात अपेक्षित सुधारणा झाली नाही, असे तिने २०२० मध्ये जाहीर केले. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांखेरीज मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तरीही स्वमग्न मुलांसाठी मूलपेशी देऊ करणाऱ्या जाहिराती आपल्याकडे झळकत राहिल्या. केसांतील धातूंची आणि रक्तातील 'अन्नविरोधी' प्रतिपिंडांची लांबलचक यादी देणाऱ्या तपासण्याही आहेत. त्या यादीपायी आधीच मोजके खाणाऱ्या मुलाचे दूध आणि पोळीही बंद केली जाते. अशी पाकिटे विकत घेताना एखाद्या कारकुनाच्या घरातील भविष्य निर्वाह निधी मोडला जातो.

याचा अर्थ स्वमग्न मुलाचे रक्त कधी तपासूच नये, असा नव्हे. फ्रॅजाइल एक्ससारखा जनुकीय विकार, थायरॉइडची कमतरता, लोहाचा अभाव, यांसाठी डॉक्टर रक्त तपासायला सांगतात, आणि ते सांगतात तेव्हा अवश्य तपासावे. काही मुलांत जनुकांच्या तपासणीतून स्वमग्नतेमागचे नेमके कारण सापडतेही. प्रतिकारयंत्रणेवरील संशोधनाचे खरे भवितव्यही याच दिशेने आहे. स्वमग्नता हे एका रोगाचे नव्हे, तर अनेक वाटांनी येऊन पोहोचलेल्या एका अवस्थेचे नाव आहे. त्या वाटांपैकी एक-दोन वाटा रक्तातील खुणांनी वेगळ्या ओळखता आल्या, तर त्या मोजक्या मुलांसाठी वेगळा उपचार शोधता येईल. सगळ्यांसाठी एक थेंब हा फेनिलकीटोन्युरियाचा चमत्कार येथे घडण्याची शक्यता फारच थोडी आहे.

आणि जे आज हाती आहे त्याचा वापर किती होतो? अनुभवी व्यक्ती दोन वर्षांच्या मुलात बऱ्याच भरवशाने निदान करू शकते. अमेरिकेत १६ ते ३० महिन्यांच्या मुलांच्या पालकांना विचारायची वीस प्रश्नांची यादी आहे. तेथेही प्रत्यक्ष निदान होईपर्यंत मूल सरासरीने चार वर्षांच्या आसपास पोहोचलेले असते. आपल्या देशात सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने चाळीस मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी तयार केली, आणि प्रमाणपत्रासाठी तीच ग्राह्य धरली जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान दिले. उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दोन ते नऊ वर्षांच्या सुमारे आठांपैकी एका मुलात मेंदूच्या वाढीशी निगडित काही ना काही अडचण आढळली; स्वमग्नता हा त्यांतला एक भाग. अंगणवाडीत आणि शाळेत मुले तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला, आणि त्याच्या यादीत स्वमग्नता आहे. जिल्हा पातळीवरील त्याच्या केंद्रात बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, श्रवणतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक असावेत, असे योजनेच्या कागदावर लिहिलेले आहे. महाराष्ट्रातील प्रत्येक जिल्ह्यात यांपैकी किती जागा भरलेल्या आहेत, आणि अंगणवाडी सेविकेने पाठवलेल्या मुलाला पहिल्या भेटीसाठी किती महिने थांबावे लागते, हे दोन आकडे आरोग्य विभागाने दरवर्षी जिल्हावार प्रसिद्ध करावेत. त्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागणार नाही.